जुन्या मालगाडीचे स्पार्क प्लग: फेकण्याआधी वाचून घ्यावेत

खानापूर तालुक्यातील जांबोटी भागातून रोज पहाटे भाजी घेऊन गोव्याला जाणाऱ्या एका तरुण व्यापाऱ्याने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांनी गोव्यातच एक जुनी, पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्हींवर चालणारी चार सिलिंडरची लहान मालगाडी विकत घेतली. मीटरवर ८२ हजार किलोमीटर दिसतात. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालते, परंतु परतीच्या फेरीला नारळ भरून चोर्ला घाट चढू लागली की झटके मारते, आणि सीएनजीवर हा त्रास पेट्रोलपेक्षा जास्त होतो. एका गॅरेजमध्ये त्यांना ‘चारही प्लग बदलून टाका’ एवढेच सांगण्यात आले. प्लग खरोखरच गेले आहेत का, ते स्वतः कसे पाहावे आणि बदलायचे झाल्यास काय सांभाळावे, हे त्यांना हवे आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत २६ वर्षे लहान मालगाड्यांचीच कामे करीत आलो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. गॅरेजचा सल्ला चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. वापरलेल्या गाडीतून निघालेला जुना प्लग म्हणजे त्या सिलिंडरच्या आत काय चालले आहे याचा लेखी जबाब असतो, आणि गाडी विकणारा जे सांगत नाही ते तो प्लग सांगतो. तो न वाचता कचऱ्यात टाकला, तर नव्या प्लगचे पैसे जातात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

आधी एक खुलासा करतो, कारण आमच्याकडे हा गोंधळ नेहमी होतो. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतोच. तिथे दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते, आणि काही डिझेल इंजिनांत जो ग्लो प्लग असतो तो फक्त थंड इंजिन सुरू करताना आतली जागा तापवण्यासाठी असतो. म्हणून पुढचे सगळे विवेचन पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्यांपुरते आहे. छोटा हत्ती वर्गातल्या गाड्यांत आता दोन्ही प्रकार दिसतात. टाटा एस गोल्डचे पेट्रोल इंजिन दोन सिलिंडरचे, ६९४ सीसीचे आहे, तर मारुतीच्या सुपर कॅरीचे पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचे आहे. प्लग किती काढायचे ते त्यावर ठरते.

आता घाटातच झटके का बसतात ते पाहू. प्लगच्या दोन टोकांमधील फटीतून ठिणगी उडण्यासाठी काही हजार व्होल्टचा दाब लागतो, आणि फट जितकी मोठी व सिलिंडरमधील दाब जितका जास्त, तितके व्होल्ट अधिक लागतात. सपाटीवर रेस कमी असते, सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते, दाब कमी राहतो, आणि झिजलेल्या प्लगमधूनही ठिणगी कशीबशी उडते. चढावर तुम्ही रेस दाबली की सिलिंडर भरून हवा येते, दाब वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी अशक्त प्लग किंवा अशक्त कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज देणारा भाग) हात टेकते. सीएनजीचे मिश्रण पेटवायला पेट्रोलच्या मिश्रणापेक्षा जास्त व्होल्ट लागत असल्यामुळे तोच दोष सीएनजीवर आधी आणि ठळकपणे दिसतो. तुमच्या गाडीची लक्षणे या मोजमापात अगदी चपखल बसतात, म्हणून संशय प्लग, कॉइल आणि त्यांच्यामधील रबरी टोपी यांच्यावर घ्यावा. इंधनाचा पंप किंवा इंजेक्टर हा पुढचा विषय आहे. एक मात्र नक्की सांगतो: गाडी मिसिंग करीत असताना, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न पेटता झटके बसत असताना, ती तशीच महिनोन्महिने चालवू नका. न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते, तो वितळतो, आणि त्याची किंमत चार प्लगांच्या कितीतरी पट असते.

काम नेहमी थंड इंजिनावर करावे. रात्रभर उभी असलेली गाडी सर्वांत उत्तम. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा ज्यात प्लग बसतात तो भाग, ॲल्युमिनियमचे असते आणि गरम असताना त्यातून पोलादी प्लग ओढून काढला तर आटे सोबत येण्याची भीती असते. सीएनजीच्या टाकीचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करावा, गाडी सुरू करून नळीत उरलेला गॅस जळू द्यावा, आणि मगच बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत इंजिन सीटखाली असते. सीट उचलली की प्लग हाताशी येतात, ही सोयही आहे आणि अडचणही. अडचण अशी की केबिनची जमीन पाइप लावून धुण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, आणि ते पाणी व चिखल झिरपून थेट प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो तिथे, साचतो. जांबोटी, कणकुंबी भागातल्या पावसात तर हे वेगळे सांगायला नको.

म्हणून पाना लावण्याआधी विहीर साफ करा. कॉइलचा बोल्ट काढून कॉइल किंचित फिरवत सरळ वर ओढा. वायरवाली गाडी असेल तर वायर धरून ओढू नका, टोपी धरा, आणि कोणती वायर कुठली हे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. मग पंक्चरवाल्याकडची हवा किंवा सायकलचा पंप लावून विहिरीतली माती उडवा. ती माती प्लग निघताच सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनच्या रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. विहिरीत पाणी असेल तर कापड गुंडाळलेल्या काडीने टिपून घ्या.

तुमची गाडी गोव्यातली आहे, म्हणून एक खबरदारी जास्त घ्या. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत प्लगचा धातूचा भाग गंजतो आणि हेडमध्ये धरून बसतो. आतून रबर असलेल्या प्लग पान्याने आधी फक्त पाव फेरा सैल करा. जड गेला तर तिथेच थांबा, गंज सोडवणारे तेल विहिरीत सोडा आणि काही तास वाट पाहा. पुन्हा थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा सैल, असे मागेपुढे करीत तो बाहेर आणा. उमेदवारीच्या काळात मी एकदा घाई केली होती आणि प्लगसोबत ॲल्युमिनियमच्या आट्यांची चकचकीत वेटोळी तार बाहेर आली होती. त्या हेडमध्ये हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवावी लागली, मालकाची गाडी दोन दिवस उभी राहिली आणि माल दुसऱ्या गाडीने गेला. तेव्हापासून जड जाणाऱ्या प्लगला मी वेळ देतो.

प्लग निघाले की एका पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ असे आकडे लिहून, ज्या सिलिंडरचा प्लग त्या आकड्यावर ठेवा. हे पाऊल कोणीही गाळू नये. चार प्लग एका डब्यात खडखडत टाकले की जबाब पुसला गेला. मग पुठ्ठा उन्हात न्या. ट्यूबलाइटखाली रंग खरे दिसत नाहीत.

चांगल्या सिलिंडरच्या प्लगचे आतले चिनी मातीचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असते, दुधाळ चहाच्या डागासारखे. कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त जात आहे, एअर फिल्टर चोंदला आहे, ठिणगी अशक्त आहे किंवा प्लगचा क्रमांकच चुकीचा आहे. चारही प्लग सारखेच काळे असतील तर कारण सगळ्यांना समान असलेल्या जागी शोधावे. एकच काळा असेल तर त्याच सिलिंडरची कॉइल किंवा इंजेक्टर. टोक पांढरेफटक, त्यावर बारीक फोड आणि कडा वितळल्यासारख्या असतील तर ते सिलिंडर अति तापत आहे, आणि तसा प्लग बदलून गाडी परत घाटात नेणे धोक्याचे आहे. मात्र सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत काजळी जवळपास धरतच नाही, त्यामुळे स्वच्छ, पांढुरके टोक तिथे स्वाभाविक असते. फोड आणि वितळ दिसल्याशिवाय घाबरू नये. एकच प्लग इतर तिघांपेक्षा विलक्षण स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा दिसला तर मात्र रेडिएटरमधले पाणी कमी होते का ते तपासा, कारण हेडचे पॅकिंग फुटून त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असल्याची ती खूण असू शकते.

तेलाच्या बाबतीत तेल नेमके कुठे आहे हे पाहणे महत्त्वाचे. प्लगच्या बाहेरच्या अंगाला, षटकोनाभोवती आणि रबरी टोपीत तेल असेल पण आतले टोक कोरडे असेल, तर वरच्या टॅपेट कव्हरचे किंवा विहिरीचे सील गेले आहे. काम स्वस्त आहे, पण करून घ्यावे, कारण तेलाने टोपीचे रबर फुगते आणि ठिणगी वाट चुकते. उलट आतले टोकच तेलाने ओलसर, चिकट काळे असेल तर व्हॉल्व्हचे सील किंवा पिस्टनच्या रिंगा संपल्या आहेत, आणि हा खर्च मोठा आहे.

गेल्या पावसाळ्यात हुक्केरीकडचे एक टोमॅटो बागायतदार माझ्याकडे आले होते. त्यांचे म्हणणे असे: ‘मेस्त्री, चार महिन्यांत दोनदा प्लग घातले. आठवडाभर गाडी ओढते, मग पुन्हा तेच.’ मी म्हटले, ‘मामा, जुने प्लग कुठे आहेत?’ ते कोणी ठेवले नव्हते. त्या वेळी गाडीत असलेले काढून मांडले, तर तीन प्लग चहाच्या रंगाचे आणि तिसऱ्या सिलिंडरचा डांबरासारखा काळा, ओला. कॉम्प्रेशन घेतले, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजला, तेव्हा तीन सिलिंडर बारा किलोच्या आसपास आणि तिसरे आठवर. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा घेतले, तर ते अकरापर्यंत गेले. तेलाने दाब वाढला, म्हणजे गळती रिंगांतून होती. व्हॉल्व्हमधून असती तर तेलाने फारसा फरक पडला नसता. गाडी विकत घेताना बाहेरून इंजिन धुऊन चकचकीत केलेले होते, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. एक प्लग पाहिला असता तर किमतीची बोलणी वेगळी झाली असती. म्हणूनच जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे असते की, विकणारा तयार असेल तर सौदा पक्का करण्याआधी प्लग काढून पाहावेत.

आता बाहेरचा पांढरा भाग पाहा. षटकोनाच्या लगत चिनी मातीवर तपकिरी कडे दिसले तर अनेक जण ‘इथून कॉम्प्रेशन गळते’ असे सांगतात. ते खरे नाही. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलकट कण तिथे चिकटतात आणि प्लगला त्याने काही होत नाही. पण त्याच पांढऱ्या भागावर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी उभी रेघ असेल, तर ठिणगी आत न जाता बाहेरूनच धातूकडे उडते आहे. अशा वेळी टोपीच्या आत टॉर्चचा उजेड टाकून पाहा, तिथेही तशीच रेघ सापडते. टोपी न बदलता फक्त प्लग बदलला तर नव्या प्लगवर काही दिवसांत तीच रेघ उमटते. तुमच्या गाडीची लक्षणे ऐकून मला या दोषाची शक्यता बरीच वाटते.

झीज ओळखणे सोपे आहे. नव्या प्लगचे मधले टोक सपाट आणि काठाला धारदार असते; वापरून ते गोलसर होते आणि फट वाढते. साध्या निकेलच्या प्लगचे आयुष्य साधारण २० ते ३० हजार किलोमीटर, इरिडियमचे ८० हजारांच्या पुढे असते, परंतु सीएनजीवर ते कमी भरते. तुमच्या गाडीत पहिलेच प्लग असतील तर ८२ हजारांवर ते संपलेले असणारच, आणि चारही एकदम बदलणे योग्य.

नवे घेताना दुकानदाराला गाडीचे नाव सांगून भागत नाही. गाडीच्या पुस्तकातला प्लगचा पूर्ण क्रमांक द्या. जुना प्लग नमुना म्हणून नेऊ नये, कारण आधीच्या मालकाने काय बसवले होते याची खात्री नसते. एका जुन्या गाडीत मला तीन कंपन्यांचे चार प्लग सापडले होते. क्रमांकात आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, उष्णता वाहून नेण्याची क्षमता आणि रेझिस्टर असल्याची खूण, हे सगळे दडलेले असते. आट्यांची लांबी जास्त झाली तर प्लग पिस्टनला लागू शकतो, कमी झाली तर हेडमधल्या उघड्या आट्यांत कार्बन बसतो आणि पुढच्या खेपेला योग्य प्लग आत जात नाही. उष्णतेच्या आकड्याबाबत विशेष सावध राहा. एनजीके कंपनीत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड प्रकारचा (उष्णता लवकर हेडकडे सोडणारा), तर बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे गरम प्रकारचा, त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीत जुळवू नये. आमच्याकडचे जुने मेस्त्री अजूनही ‘मायकोचा प्लग द्या’ म्हणतात; १९५१ साली सुरू झालेली बंगळूरची मायको कंपनी २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते, तेव्हा खोक्यावर मायको दिसले नाही म्हणून माल बनावट समजू नये. बनावट माल ओळखण्याचा माझा उपाय साधा आहे: बिल देणाऱ्या दुकानातूनच घेतो, आणि अक्षरांची छपाई पुसट किंवा आट्यांची फिनिश खरखरीत दिसली तर परत करतो.

फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून बसवावी. बऱ्याच गाड्यांत ती ०.८ ते १.१ मि.मी. असते आणि सीएनजीसाठी काही कंपन्या ती कमी ठेवायला सांगतात, म्हणून पुस्तकातला आकडा अंतिम मानावा. वाकवायचे ते फक्त बाहेरचे, प्लगच्या धातूच्या अंगाला जोडलेले टोक. मधल्याला हात लावू नये. इरिडियमचे टोक सुईइतके बारीक आणि ठिसूळ असते, त्यात पाना घालून ते उचकटू नका. गोल तारेच्या गेजने फक्त तपासा, आणि फट चुकलेली असेल तर प्लग बदलून मागा. जुने प्लग पॉलिश पेपरने घासून परत बसवण्याची पद्धत मी सोडून दिली आहे. घासल्याने टोकाची धार परत येत नाही, आणि चिनी मातीच्या खाचेत अडकलेले कण इंजिनात जातात.

बसवण्याचे काम पान्याने सुरू करू नये. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा घ्या, त्याचे एक टोक प्लगच्या वरच्या भागावर घट्ट बसवा आणि दुसरे टोक दोन बोटांत धरून प्लग विहिरीत सोडा. आधी उलटा फिरवा. आटे जुळतात तिथे बोटांना हलकी टिचकी जाणवते. मग सरळ फिरवा. आटे तिरपे लागले तर रबर प्लगवर घसरते आणि प्लग पुढे जात नाही, म्हणजे हेड वाचते. पाना लावून सुरुवात केली तर तिरपा प्लगही जोराने आत जातो आणि आपल्या हाताला काहीच कळत नाही.

प्लग शेवटपर्यंत हाताने बसला की मगच घट्ट करायचा. १४ मि.मी. आट्यांच्या वायसरवाल्या नव्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मि.मी.ला १५ ते २० आणि १० मि.मी.ला केवळ १० ते १२ लागतात. टॉर्क रेंच (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) नसेल तर १४ मि.मी.चा नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, १२ मि.मी.चा एक-तृतीयांश फेरा पुरे. वायसर दबतो तेव्हा हाताला मऊ लागते आणि मग एकदम कडक होते, तिथे थांबा. तोच प्लग पुन्हा बसवत असाल तर वायसर आधीच दबलेला असतो, म्हणून केवळ एक-बारांश फेरा. आजच्या प्लगच्या आट्यांवर चकचकीत मुलामा असतो. त्यावर ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नये, कारण आटे निसरडे झाले की तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त ताण देतो आणि प्लग लांबतो किंवा आटे तुटतात. सैल राहिलेला प्लगही तितकाच वाईट, कारण प्लगची उष्णता वायसर आणि आट्यांतूनच हेडमध्ये उतरते.

टोपीच्या आतल्या काठाला डायलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणाऱ्या, ग्रीसचा पातळ थर द्यावा. पावसाळी भागात याचा फार उपयोग होतो. ठिणगी पाहण्यासाठी प्लग हेडवर टेकवून स्टार्टर मारण्याची जुनी रीत मात्र या गाड्यांवर करू नका. इंजेक्टर इंधन उडवत असतो, शेजारी गॅसची नळी असते, आणि कॉइलला ठिणगीसाठी योग्य वाट मिळाली नाही तर ती आतून जळते.

प्लग बदलूनही घाटात झटके राहिले तर कॉइलची अदलाबदल करा. स्कॅनर लावल्यावर समजा दुसऱ्या सिलिंडरचे मिसिंग, म्हणजे पी०३०२ हा कोड आला, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदलून पुन्हा चढावर जा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलसोबत हलला, म्हणजे कॉइल बदलायची. पी०३०२ च राहिला तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन पाहायचे. गाडी बरेच दिवस अर्ध्या टाकीने उभी राहिलेली असेल तर पेट्रोलही संशयात घ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने ते उसापासून बनवतात, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. अशा पाणी धरलेल्या पेट्रोलचे झटके हुबेहूब प्लगच्या झटक्यांसारखे वाटतात, पण ते सीएनजीवर बसत नाहीत, पेट्रोलवरच बसतात. तुमच्याकडे नेमके उलट असल्यामुळे हे कारण तुमच्या बाबतीत मागे पडते.

जुने चार प्लग पुठ्ठ्यावर आकड्यांसह तसेच ठेवा आणि मीटरचा आकडा त्यावर लिहा. नव्या प्लगांवर गोव्याच्या पाच-सहा फेऱ्या झाल्या, की जो जुना प्लग सर्वांत वेगळा दिसत होता त्याच सिलिंडरचा नवा प्लग सकाळी थंड इंजिनावर एकदा काढून जुन्याशेजारी धरून पाहा. नव्याचे टोक फिकट तपकिरी किंवा पांढुरके आणि कोरडे असेल तर तोच परत एक-बारांश फेऱ्याने बसवून निर्धास्त गाडी चालवा. ओलसर काळे दिसू लागले असेल तर कॉम्प्रेशन घेतल्याशिवाय पुढची नारळाची खेप भरू नका.